जर्मनीत बँक खातं: नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मॅक्सम्युलर भवनात बी-वनपर्यंत जर्मन शिकून आलेल्यालाही इथल्या बँकेचं पहिलं पत्र वाचताना घाम फुटतो. विद्यार्थी असो, चाकणच्या कारखान्यातून कंपनीने पाठवलेला इंजिनिअर असो, की महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी केलेल्या मनुष्यबळ करारानंतर इकडे वळलेली नर्स असो, प्रश्न साधारण तेच असतात. खालची उत्तरं फक्त जर्मनीपुरती आहेत. दुबईला किंवा ॲमस्टरडॅमला ती लावू नका. इथे बँकेची बरीचशी कामं पैशांपेक्षा नावावर आणि पत्त्यावर अडतात. आणि तुम्ही विमानात बसलात की भारतातलं तुमचं खातंही पूर्वीसारखं राहत नाही, हे बहुतेकांना उशिरा कळतं. म्हणून दोन्हीकडचं एकत्रच सांगतो.

भारतात असतानाच जर्मनीतलं खातं काढता येतं का?

विद्यार्थ्यांना एक खातं काढावंच लागतं: श्पेरकोंटो, म्हणजे गोठवलेलं खातं. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम त्यात आधीच भरायची असते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो असा आहे. फिनटिबा, एक्सपॅट्रिओ अशा कंपन्यांकडे ते घरबसल्या उघडतं. पैसे भारतातल्या बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, जातात. या योजनेत माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. त्यावर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, लागतो का, किती लागतो, हे बजेटगणिक बदलतं, तेव्हा पैसे पाठवायच्या दिवशी बँकेत विचारा. कापला गेलाच, तर रिटर्न भरताना तो वळता होतो.

पण श्पेरकोंटोवरून भाडं देता येत नाही, दुकानात कार्ड चालवता येत नाही. त्यातून दरमहा ९९२ युरो सुटतात, आणि ते जमा व्हायला इथलं साधं चालू खातं, म्हणजे जिरोकोंटो, लागतंच. हे चालू खातं बहुतेक बँका इथे राहायला आल्यावरच देतात. म्हणून पहिल्या महिन्याच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोख जवळ ठेवा. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख घेऊन युरोपीय संघात उतरलात तर कस्टम्सला लेखी सांगावं लागतं. तेवढी रोख आणायचं तसंही कारण नाही.

घर नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून घर नाही. मग सुरुवात कुठून करायची?

पत्त्यापासून. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी नोंदणीच्या कचेरीत, नाव नोंदवायचं असतं, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. मोठ्या शहरात ब्युर्गरआम्टची वेळ मिळायलाच कितीतरी दिवस जातात, तेव्हा भारतातूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवणं शहाणपणाचं. तात्पुरतं घर बुक करताना 'इथे आनमेल्डुंग करता येईल का' हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारा. नाही म्हणाले तर ते घर स्वस्त असूनही महाग पडतं.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक, श्टॉयर-आयडी, पोस्टाने घरी येतो. बँक तो मागते, पण तो हातात नाही म्हणून खातं अडायला नको; बहुतेक बँका नंतर कळवायची मुभा देतात. काही ॲपवाल्या बँका आनमेल्डुंगच्या कागदाशिवाय, नुसत्या पासपोर्टवर आणि राहत्या पत्त्यावर खातं देतात. पहिला पगार घ्यायला तेवढं पुरतं. दुसऱ्या युरोपीय देशातलं खातं असेल तर तेही चालतं. आयबॅन, म्हणजे देशाच्या कोडने सुरू होणारा खाते क्रमांक, कुठल्या देशाचा आहे यावरून ते नाकारायला युरोपीय संघाचा युरो-व्यवहारांसाठीचा २०१२ चा सेपा नियम मनाई करतो. तरी एखादा एचआरवाला 'डीईने सुरू होणाराच नंबर हवा' म्हणतो. त्याला नियमाची आठवण करून द्या, नम्रपणे.

जाता जाता एक. आनमेल्डुंगच्या फॉर्मवर धर्म विचारतात. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक मंडळींनी इथे जरा थांबावं: कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत की चर्च-कर सुरू होतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या आठ टक्के असतो, इतर राज्यांत नऊ. बँकेतल्या व्याजावरही तो आपोआप कापला जातो. भरायचा असेल तर आनंदाने भरा, पण पगाराच्या चिठ्ठीवर पाहून चकित होऊ नका.

पासपोर्टवर वडिलांचं नावही आहे. बँकेत कोणतं नाव द्यायचं?

पासपोर्टवर जे आहे ते, अक्षर न् अक्षर. आपल्याकडच्या मंडळींची निम्मी डोकेदुखी इथून सुरू होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा पासपोर्टच्या पहिल्या रकान्यात 'प्रिया सुरेश' आहे आणि आडनावात 'कुलकर्णी'. जर्मन बँकेच्या लेखी सुरेश हे प्रियाचंच दुसरं नाव. कार्डावर तेच छापून येईल, पत्रंही त्याच नावाने येतील. कुणी 'सुरेश बाई' म्हणून हाक मारली तर हसून सोडून द्या, पण ऑफिसच्या कागदावर 'प्रिया कुलकर्णी', बँकेत 'प्रिया सुरेश कुलकर्णी' आणि घराच्या करारावर 'प्रिया एस. कुलकर्णी' असं होऊ देऊ नका. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का, हे तपासून पाठवणाऱ्याला दाखवावं लागतं. थोडा फरक असेल तर खात्यावरचं खरं नाव समोर येतं. अजिबात जुळलं नाही तर लाल इशारा येतो. इशारा डावलून पैसे पाठवता येतात, पण चुकीच्या खात्यात गेले तर जबाबदारी पाठवणाऱ्याची. घरमालक काउत्सिओन, म्हणजे घराचं डिपॉझिट, परत करताना असा इशारा पाहून थांबला, तर त्याचं चूक म्हणता येणार नाही.

लग्नानंतर आधारवर नवं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं, अशी अवस्था असेल तर इकडे पासपोर्टचंच राज्य. आडनावाचा रकाना कोरा असून सगळं नाव एकाच ओळीत असेल तर व्हिसावर काय छापलंय ते आधी बघा, कारण पुढचा प्रत्येक जर्मन कागद त्यावरूनच उतरवला जातो. जमलं तर भारत सोडण्याआधीच पासपोर्ट, पॅन आणि भारतातलं बँक खातं या तिन्हीवरचं नाव एक करून घ्या. मिरजेतल्या शाखेत जे काम दोन चकरांत होतं, त्याला श्टुटगार्टहून कितीतरी महिने जातात.

कार्ड पाठवलं म्हणतात, पण आलंच नाही. कुठे गेलं?

बहुधा परत गेलं. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव हाच पत्ता. कुणाच्या घरात खोली घेऊन राहत असाल तर चिठ्ठीवर आपलं आडनाव लिहून पेटीला चिकटवा आणि बँकेला पत्ता देताना मूळ भाडेकरूचं नावही 'बाय अमुक' (जर्मनमध्ये 'अमुकच्या घरी') असं जोडा. कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्यात, काही दिवसांच्या अंतराने. दोन्ही येईपर्यंत धीर धरायचा.

कोणती बँक चांगली?

तुम्हाला जर्मन किती येतं आणि रोख रक्कम किती वापरता, यावर ते ठरतं.

श्पारकास आणि फोल्क्सबांक या गावोगावच्या बँका. शाखा आहे, काउंटरवर माणूस आहे, एटीएम कोपऱ्यावर आहे. पण महिन्याचा आकार लागतो आणि छोट्या गावात इंग्रजीची आशा करू नये. डॉइश बँक, कॉमर्झबांक या मोठ्या खासगी बँका. आयएनजी, डीकेबी, एन-ट्वेंटी-सिक्स या शाखा नसलेल्या. काहींत महिन्याला ठरावीक पगार जमा होत असेल तर आकार माफ असतो. एन-ट्वेंटी-सिक्सचं ॲप इंग्रजीत आहे, म्हणून नवखे तिकडे धावतात. ते ठीकच आहे, पण शाखा नसलेल्या बँकेत काही बिनसलं तर भांडायला समोर माणूस नसतो. नोकरी लागून स्थिरावल्यावर एक शाखावाली आणि एक ॲपवाली, अशी जोडी मला पटते. स्टेट बँकेची शाखा फ्रँकफर्टमध्ये आहे, पण रोजच्या व्यवहारासाठी इथलीच बँक बरी.

पैसे बुडतील का, ही भीती कुठल्याच बँकेबाबत फारशी नको. कायद्याने माणशी, प्रत्येक बँकेमागे एक लाख युरोपर्यंतच्या ठेवी सुरक्षित असतात. भारतात हीच मर्यादा पाच लाख रुपये आहे.

ओळख पटवायला बँकेत जावं लागतं का?

ऑनलाइन बँकेत व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवून काम होतं, मात्र काही बँका भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर घेत नाहीत. मग पोस्ट-आयडेंट: बँकेने दिलेला कोड आणि पासपोर्ट घेऊन पोस्टाच्या शाखेत जायचं, तिथला कारकून तपासून बँकेला कळवतो. पाच मिनिटांचं काम. पुढे पासपोर्टचं किंवा राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण झालं की बँकेला कळवत जा. जुनी कागदपत्रं मुदत संपून पडली की बँक नवी मागते, आणि तिच्या पत्रांकडे दुर्लक्ष केलंत तर खातं अडू शकतं.

बँकेने 'नाही' म्हटलं तर?

बँकेला साधं खातं नाकारायचा हक्क आहे आणि कारण सांगायचंही बंधन नाही. अशा वेळी 'बाझिसकोंटो हवंय' असं म्हणून त्याचा वेगळा अर्ज भरा. जून २०१६ पासून युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही, अगदी बेघर माणसालाही, या मूलभूत खात्याचा हक्क आहे. अर्ज पूर्ण भरल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने खातं देऊ केलं पाहिजे. नाकारायला कायद्यातली मोजकीच कारणं चालतात, उदाहरणार्थ तुमचं दुसऱ्या बँकेत चालू खातं आधीच असणं. नकार लेखी घ्या आणि बाफिन या बँक-नियामकाकडे जा. त्याचा छापील फॉर्म असतो, वकील लागत नाही. या खात्यात उधारी नसते, पण पगार येतो, भाडं जातं, कार्ड मिळतं. माझ्या मते नवख्या माणसाने हा एक शब्द पाठ करून यावा.

खात्यात पैसे आहेत, तरी बेकरीत कार्ड चाललं नाही. का?

तिथे जिरोकार्डच घेत असतील. त्याला लोक अजून जुन्या सवयीने ईसी-कार्ड म्हणतात. हे जर्मनीतलं स्वतःचं कार्ड. ऑनलाइन बँका सहसा व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड देतात आणि जिरोकार्ड मागितलं तर वेगळा आकार लावतात. छोट्या दुकानात, सरकारी कचेरीत, आठवडी बाजारात अजूनही जिरोकार्ड किंवा रोख. खिशात वीस-पन्नास युरो असू द्या. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर चांगलाच आकार पडतो. त्यापेक्षा रेवे, एडेका, लिडल अशा दुकानांत सामान घेऊन कार्डाने पैसे देताना त्याच पावतीवर रोख मागता येते.

क्रेडिट कार्डाची भारतासारखी चैन इथे नाही. बहुतेक कार्डांचं बिल महिन्याअखेरीस खात्यातून आपसूक वळतं. शून्याखाली जायची सोय असते, तिला डिस्पो म्हणतात; तिचा व्याजदर दहा टक्क्यांच्या आसपास किंवा वर. ती सोय गळ्यापर्यंत येऊ देऊ नका.

कुणीतरी परस्पर पैसे काढले! काय करू?

आधी पाहा, लास्टश्रिफ्ट आहे का. वीज, फोन, जिम, विमा, सगळे तुमच्याकडून एकदा सही घेतात आणि मग स्वतःच तुमच्या खात्यातून पैसे ओढतात. सही केलेली असली तरी आठ आठवड्यांच्या आत तुम्ही बँकेला सांगून ते परत मागवू शकता, कारण न देता. सही केलीच नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. ॲपमध्ये त्यासाठी बटण असतं. पण जिमचे पैसे परत ओढले म्हणून जिमचा करार रद्द होत नाही. तो लेखी, मुदतीत रद्द करावा लागतो, नाहीतर वसुलीवाल्यांचं पत्र येतं.

आनमेल्डुंगनंतर थोड्या दिवसांत रुंडफुंकबायट्रागचं, म्हणजे सरकारी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. बरेच जण ते फसवणुकीचं समजून फाडतात. ते खरं असतं. एका घरामागे एकच भरायचं असतं, तेव्हा चौघे मिळून राहत असाल तर एकानेच भरावं आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवावा.

भाड्यासाठी मात्र लास्टश्रिफ्टऐवजी डाउअरआउफट्राग लावा: दर महिन्याला ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम तुमच्याच हुकुमाने जाते. तारीख पगाराच्या नंतरची, पण तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या आतली. झटपट ट्रान्स्फरला आता साध्या ट्रान्स्फरपेक्षा जास्त आकार लावता येत नाही.

शुफा काय आहे? मी तर इथे कधी कर्जच घेतलं नाही.

शुफा ही तुमच्या उधारीचा इतिहास ठेवणारी खासगी कंपनी. आपल्याकडच्या सिबिलसारखी, पण सिबिलचा स्कोअर इकडे येत नाही. इथे तुम्ही कोरी पाटी घेऊन उतरता. खातं काढलं, फोनचा करार केला की नोंदी व्हायला लागतात. घरमालक शुफाचा कागद मागतात. शुफाच्या साइटवर पैसे घेऊन मिळणारं सुबक प्रमाणपत्र पुढे असतं, आणि कायद्याने फुकट मिळणारी तुमच्या माहितीची प्रत जरा आत दडलेली. आपलं आपण तपासायला फुकटची पुरे. पहिल्या वर्षात चार बँकांत खाती, तीन हप्त्यांची खरेदी असा पसारा घालू नका, आणि वसुलीच्या पत्राला उत्तर न देता बसू नका.

घराचं डिपॉझिट घरमालकाच्या खात्यात टाकायचं का?

कायद्याने काउत्सिओन जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी, आणि ती तीन समान हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. घरमालकाने ती स्वतःच्या पैशांत न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवायची असते. घर न पाहता, 'मी सध्या लंडनला आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल' अशा गोष्टीवर एक युरोही पाठवू नका. त्या गोष्टीला बळी पडलेले आपले विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

भारतातलं बचत खातं तसंच चालू ठेवलं तर बिघडलं कुठे?

फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याप्रमाणे नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी परदेशी गेलात की तुम्ही अनिवासी. साधं बचत खातं मग एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँक फेमासाठी अनिवासीच धरते. आयकरासाठीचं निवासी-अनिवासी मात्र भारतात किती दिवस राहिलात यावर ठरतं. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

एनआरओमध्ये भारतातलं उत्पन्न येतं: घरभाडं, लाभांश, जुनी ठेव. त्यातून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम, कर भरून आणि सीएच्या कागदांनिशी, बाहेर नेता येते. एनआरईमध्ये परदेशातून कमावलेले पैसे येतात आणि ते मुक्तपणे परत नेता येतात. दोन्ही रुपयांतच. युरोत ठेव ठेवायची असेल तर एफसीएनआर, एक ते पाच वर्षांची.

आईबाबांना तुमच्या एनआरओ खात्यातून वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स भरता यावा म्हणून पॉवर ऑफ ॲटर्नी देऊन ठेवा. निघण्याआधी केलंत तर नोटरी आणि कॉन्सुलेटची धावपळ वाचते. पीपीएफ नव्याने काढता येत नाही, पण आधीचं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. म्युच्युअल फंडाची केवायसीही बदला.

आणि भारतातला मोबाईल नंबर मरू देऊ नका. ओटीपी त्याच्यावरच येतो. स्वस्तातला रिचार्ज मारून, रोमिंग चालू करून तो दुसऱ्या सिमवर जिवंत ठेवा, नाहीतर स्वतःच्याच खात्याचा पासवर्ड बदलायला सुट्टी काढून पुण्याला जावं लागेल.

एनआरईचं व्याज करमुक्त असतं ना?

भारतात, हो. जर्मनीत नाही. तुम्ही इथले करनिवासी असाल तर जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, आणि त्यात एनआरईचं व्याजही आलं. आनलागे काप नावाचा फॉर्म त्यासाठीच आहे. दर २५ टक्के, त्यावर साडेपाच टक्क्यांचा अधिभार, मिळून २६.३७५. एकट्याला वर्षाला १,००० युरो, नवरा-बायकोला मिळून २,००० युरोपर्यंत सूट आहे. इथल्या बँकेत फ्रायश्टेलुंग्स-आउफट्राग भरून दिलात तर तिथलं व्याज या मर्यादेपर्यंत न कापता मिळतं. 'भारतातलं त्यांना काय कळणार' हा सल्ला जुना झाला. दोन्ही देश २०१७ पासून खात्यांची माहिती आपोआप एकमेकांना देतात.

एनआरओच्या व्याजावर भारतात ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतात. भारत-जर्मनी करारामुळे तो दहा टक्क्यांवर येऊ शकतो. त्यासाठी इथल्या फिनान्झआम्टकडून, म्हणजे कर कचेरीकडून, करनिवासाचा दाखला घ्यायचा आणि भारतातल्या बँकेला तो फॉर्म १०-एफसोबत द्यायचा. भारतात भरलेला तेवढा कर इथे वळता होतो. रक्कम मोठी असेल तर दोन्हीकडचं समजणारा कर सल्लागार गाठा. त्याची फी वसूल होते.

घरी पैसे पाठवायची स्वस्त रीत कोणती?

'शून्य शुल्क' ही पाटी वाचू नका. आज एक हजार युरो पाठवले तर तिकडे हातात किती रुपये पडतील, एवढाच आकडा दोन-तीन ठिकाणी ताडून बघा. कमाई विनिमय दरात दडलेली असते. भारतात आयबॅन नाही, तिथे खाते क्रमांक आणि आयएफएससी लागतो, आणि बँकेमार्फत पाठवलंत तर स्विफ्ट कोडही.

गरजू आईवडिलांना पाठवलेल्या पैशांवर जर्मनीत करसवलत मागता येते, भारतासाठी कमी केलेल्या मर्यादेत. २०२५ पासून त्यासाठी पैसे थेट त्यांच्याच खात्यात बँकेतून गेलेले असावे लागतात. कुणाच्या हाती पाठवलेली रोख धरत नाहीत. ५०,००० युरोहून मोठा व्यवहार सीमेपार केलात, तर बुंडेसबांकेला, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेला, कळवायचं असतं. फुकट असतं, पण विसरलात तर दंड होऊ शकतो.

एक सवय मात्र मोडायला हवी. 'तू मला इथे हजार युरो दे, माझे बाबा तुझ्या बाबांना साताऱ्यात रुपये देतील.' मित्रामित्रांत हे सर्रास चालतं आणि कमिशन वाचलं म्हणून सगळे खूश. भारतात हे फेमाच्या विरुद्ध आहे, आणि इथे अनोळखी लोकांकडून वरचेवर रक्कम येऊ लागली की बँक खुलासा मागते, प्रसंगी खातं बंद करते. वाचलेल्या वीस युरोंसाठी हे परवडत नाही.

बायको डिपेंडंट व्हिसावर आहे. तिला वेगळं खातं हवं का?

हवं. नवऱ्याच्या खात्यात नाव जोडून संयुक्त खातं करता येतं, घरखर्चाला ते सोयीचंही असतं. पण तिच्या एकटीच्या नावाचं खातं असेल तर तिची इथली नोंद तयार होते, नोकरी लागली की पगार घ्यायला धावपळ होत नाही. संयुक्त खात्यात बहुधा दोघांपैकी कुणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो, हेही दोघांनी समजून घ्यावं.

कुणी म्हणालं, तुझ्या खात्यात पैसे घे आणि पुढे पाठव, कमिशन देतो.

नाही म्हणा. हा चोरीचा पैसा फिरवायचा धंदा आहे, आणि खातं तुमचं असल्याने मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात पोलीस तुमच्याकडे येतात. व्हिसावर राहणाऱ्याला ते फार महागात पडतं. बँकेच्या नावाने क्यूआर कोड असलेलं कागदी पत्र आलं तरी तो स्कॅन करू नका. आपलं नेहमीचं ॲप उघडून बघा. कार्ड हरवलं तर ११६ ११६ या नंबरवर फोन करा, चोवीस तास चालतो. भारतात सुट्टीवर असताना जर्मनीचा ४९ कोड आधी लावा.

कायमचं भारतात परतायचं आहे. खातं कधी बंद करू?

घाई नको. घर सोडलं तरी काउत्सिओन काही महिने अडकून राहते. पाण्या-हीटिंगचा हिशेब घरमालकाने हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत दिला तरी चालतो. शेवटच्या वर्षाचा करपरतावाही यायचा असतो. हे सगळं जमा होईपर्यंत बिनशुल्काचं एक खातं ठेवा. आब्मेल्डुंग, म्हणजे पत्त्यावरची नोंद काढणं, मात्र निघताना कराच आणि त्याचा कागद जपा. जिमपासून रुंडफुंकपर्यंत सगळे तोच मागतात. बँकेला भारतातला पत्ता आणि तुम्ही आता कुठले करनिवासी आहात हे कळवा, आणि ॲपवरचं टॅन, म्हणजे व्यवहार मंजूर करायचा कोड, जर्मन सिमशिवाय चालतंय ना, ते विमानतळावर जाण्याआधी तपासा.

भारतात पोचल्यावर एनआरई आणि एनआरओ दोन्ही पुन्हा निवासी करायची असतात. युरो लगेच रुपयांत बदलायचे नसतील तर आरएफसी खातं काढा. परतलेल्या भारतीयाला परकीय चलन भारतातच ठेवायला ते असतं, आणि पुढे पुन्हा बाहेर जायची वेळ आली तर त्यातले पैसे नेता येतात.